पितळी बिजागऱ्यांचा दरवाजा

सोनिवलीच्या शेडचा पत्रा सरकवला आणि सतरा वर्षं अंधारात उभी असलेली आमची लाकडी मोटारगाडी श्रावणातल्या उन्हात डोळे मिचकावत बाहेर आली. ढकलावी लागली म्हणा, पण मला ती आपणहून आल्यासारखी वाटली. नाकापुरता पत्रा, मागे सगळं सागवान. मुलाने ओल्या फडक्याने एक फळी पुसली, तर खालून मधाचा रंग वर आला.

मग जवसाच्या तेलाचा वास आला आणि माझं सोनिवली सुटलं. अंबरनाथच्या क्वार्टरचं परस. सासरे रंधा मारतायत, लाकडाची कुरळी सालपटं वाऱ्याने माझ्या पायाशी येतायत आणि हे गाडीखाली आडवे. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा तळपाय जास्त पाहिले.

भंगारातून आणलेला सांगाडा होता तो. सासरे सुतार, हे कारखान्यात फिटर. दोघांनी मिळून तिला उभी केली. माझ्याकडे तेल चोळायचं काम. मी तिला सवत म्हणायचे आणि स्वतःला फार विनोदी समजायचे.

आता शेडची जागा बिल्डरकडे गेली आहे. दसऱ्याच्या आत मोकळी करायची. गाडी बघायला उल्हासनगरचा एक फर्निचरवाला येणार होता, जुन्या गाड्यांचा शौकीन.

"त्याने नाही घेतली तर कापून भंगारात जाईल हं, आई," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे मेली," मी म्हणाले. काय तो रुबाब!

फर्निचरवाला आला. पन्नाशीचा, खिशात टेप. पण टेप काढलीच नाही त्याने. आधी बोटाने टकटक करत गाडीभोवती फिरला, फळ्यांना कान लावला. मला आवडला. तीन दरवाजे उघडून-लावून बघितले, मान डोलावली. चौथ्यापाशी थांबला. मागचा, डावीकडचा.

"अम्मा, ये एकच दरवाजा असा का?" फटीत त्याचं बोट आरामात गेलं. "कड रंधून बारीक केलीय. आणि बिजागऱ्या बघा. तीन दरवाज्यांना लोखंडी, ह्यालाच पितळी. सांगाडा वाकला असणार. म्हणून घासून बसवलाय."

"नाही हो," मुलगा म्हणाला.

"भाऊ, माझे वडील, दादाजी, सगळे लाकडातले. सांगाडा टेढा असेल तर मी नाही घेणार. रस्त्यावर खुळखुळा होईल."

तो बाहेर उभ्या केलेल्या आपल्या टेम्पोकडे वळला. मी मात्र त्या बिजागऱ्यांकडे बघत राहिले. चाळीसच्या वर वर्षं झाली, गाडी चालू होती तेव्हाही मी त्या दरवाज्याने कधी चढले नव्हते. हट्टाने. दुसऱ्या बाजूने वळसा घालून चढायचे.

त्याचं कारण असं. मला सातवा महिना होता, पोटात हाच मुलगा. डोहाळे लागले ते सिंध्यांकडच्या खमंग दाल-पकवानचे. हे सायकल काढून उल्हासनगरला गेले आणि दोन तासांनी चार जोड पितळी बिजागऱ्या घेऊन आले. दाल-पकवान विसरले! मी तरातरा परसात गेले, गाडीत मागे बसले आणि धाडकन दरवाजा ओढून घेतला. तेव्हाची मी म्हणजे नाकाचा शेंडा लाल करून बसलेली महाराणी. बाहेर श्रावणसरी. तासाभराने भूक लागली, उतरायला गेले, तर दरवाजा फुगून घट्ट. पलीकडची बाजू भिंतीला टेकलेली. पुढच्या सीटवरून उडी मारायची तर पोट एवढं.

आता कुणीही शहाणी बाई हाक मारेल. मी मारली नाही. हे खिडकीशी आले, "चल ना आत," म्हणाले, तर मी म्हणाले, "येणार नाही. कध्धी येणार नाही!"

ह्यांनी दरवाज्यावरून एकदा हात फिरवला. "बरं, तू बस. मी माझं काम करतो," म्हणाले, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि शांतपणे बिजागऱ्या बदलायला लागले. मी आतून जळतेय! बायको रुसलीय आणि ह्या माणसाला बिजागऱ्या सुचतायत! दरवाजा उतरवून त्यांनी बाजूला ठेवला आणि मी ह्यांच्याकडे न बघता, मान वर करून, उघड्या जागेतून बाहेर पडले. सुटका झाली ह्याचा आनंद एका मिनिटाचा, राग आयुष्यभराचा. भांडण झालं की मी तो दिवस उकरून काढायचे. हे नुसते हसायचे. खरं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

चार जोड आणले होते. बदलला एकच. म्हणजे मी आत अडकलेय हे ह्यांनी ओळखलं होतं, बिजागऱ्यांचं नुसतं निमित्त. आणि कड रंधली, पुन्हा अडकू नये म्हणून. शहाणीला हे कळायला उल्हासनगरचा माणूस यावा लागला.

तो टेम्पोत चढत होता.

"अहो, थांबा! सांगाडा सरळ आहे. वाकडी मी होते."

आणि मुलासमोर, टेम्पोच्या ड्रायव्हरसमोर मी सगळं सांगितलं. पोट, पकवान, महाराणी, सगळं. मुलगा तोंडावर हात ठेवून हसत होता. फर्निचरवाल्याने आता टेप काढली. दरवाज्याची चौकट कोपऱ्यातून कोपऱ्यात मापली, मग उलट्या कोपऱ्यातून. दोन्ही मापं एकच, म्हणजे सांगाडा सरळच. तो खाली वाकून बराच वेळ त्या कडेवर अंगठा फिरवत राहिला.

"हाथ अच्छा था अम्मा," म्हणाला. "घेतो मी. ही फट तेवढी पट्टी मारून बंद करतो, नाहीतर पाणी शिरेल."

"घरात रुसणारं कुणी आहे?"

"बायको आहे ना. हफ्त्यात दोनदा."

"मग फट राहू द्या."

गाडी टेम्पोमागे दोर लावून निघाली. नव्या इमारतींच्या मधून ऊन तिरपं येत होतं आणि वळणावर ते त्या फटीतून आरपार गेलं. मी हात केला नाही. रुसले होते ना.