माहेरचं पान आणि बिघडलेलं जनुक

“रक्तात सापडलं, थुंकीतही सापडलं. आता आणखी कशात शोधायचं आहे तुला?” घोष मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

मी म्हणालो, “कातडीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन कप चहा मागवला. आमच्या लॅबमध्ये मॅडम चहा मागवतात तेव्हा समजायचं, की त्या लगेच नाही म्हणणार नाहीत, पण सहज सोडणारही नाहीत.

आमची लॅब कोलकात्यात, एस्प्लनेडला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. काम डीएनए तपासण्याचं. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ते पीएचडीचं. ताप आला तर मीही दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. हे प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला एकदा तरी सांगावंच लागतं.

वाद ज्या रिपोर्टवरून चालला होता तो मी गणपतीसाठी सांगलीला गेलो असताना निघाला होता. पेशंट विजया लिमये. साठी ओलांडलेल्या, डमडमला राहणाऱ्या, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं कोलकात्यातच. काही वर्षांपूर्वी त्यांना उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ती बाजू पूर्ण काढली, मग किमो झाला. आता डाव्या बाजूला लहानशी गाठ सापडली होती. दुसऱ्या बाजूलाही झाला म्हणून सर्जननी आमच्याकडे रक्त पाठवलं, आणि आमच्या रिपोर्टनं सांगितलं, टीपी फिफ्टी थ्री या जनुकात म्युटेशन आहे.

म्युटेशन म्हणजे डीएनएच्या मजकुरात झालेला बदल. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ऊन, तंबाखूचा धूर, एक्स-रे, काही औषधं, आणि पेशी दुप्पट होताना नकलेत होणाऱ्या साध्या चुका, यांनी तुमच्या-माझ्या डीएनएत रोज मोडतोड होत असते. दुरुस्ती करणारी प्रथिनंही रोज कामावर असतात आणि बहुतेक सगळं निस्तरतात. टीपी फिफ्टी थ्री हा त्यांचा मुकादम. नुकसान दिसलं की तो पेशीला वाढायचं थांबवतो, दुरुस्ती होऊ देतो, आणि जी पेशी दुरुस्तीच्या पलीकडे गेली ती मरेल अशी व्यवस्था करतो. मुकादमच बिघडला की बिघडलेल्या पेशी वाढत सुटतात. म्हणून कॅन्सरच्या कितीतरी गाठींत हेच जनुक मोडलेलं सापडतं.

पण गाठीत मोडणं वेगळं आणि जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत मोडलेलं असणं वेगळं. आईकडून किंवा वडिलांकडून असं जनुक आलं असेल, तर दोन गोष्टी ओघानं येतात. एक, अशा माणसाला शक्यतो रेडिएशन देत नाहीत, कारण रेडिएशननं डीएनए तुटतो आणि दुरुस्तीवर लक्ष ठेवणारं कोणी नसतं. त्यातून नवीनच कॅन्सर उभा राहू शकतो. दुसरी, प्रत्येक मुलाला ते जाण्याची शक्यता निम्मी असते.

सर्जननी पहिल्या गोष्टीप्रमाणे बेत बदलला. आधी फक्त गाठ काढून रेडिएशन द्यायचं होतं, आता डावी बाजूही पूर्ण काढायची. दुसरी गोष्ट त्यांनी बाईंना ओझरती सांगितली, आणि मराठीत नीट समजावून सांगायचं काम माझ्याकडे सोपवलं. दिलेला निरोप पोहोचवण्याआधी तो खरा आहे का हे पाहायची मला खोड आहे. मी मशीनमधला मूळ डेटा उघडला.

प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात. बिघाड जन्मजात असेल तर एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली, म्हणजे वाचलेल्या प्रतींत निम्म्या बिघडलेल्या दिसायला हव्यात. लिमयेबाईंच्या रक्तात त्या जेमतेम पाचातली एक होत्या. आमच्या रिपोर्टच्या साच्यात मात्र ‘आढळलं’ किंवा ‘आढळलं नाही’ एवढंच छापलं जायचं. किती, याला जागाच नव्हती.

मॅडमनी खात्रीसाठी स्वतःहून थुंकीचा नमुनाही मागवला होता, आणि त्यातही तेच निघालं. थुंकी म्हणजे काही रक्त नव्हे, असं कोणालाही वाटेल. पण थुंकीतून जो डीएनए मिळतो, त्याचा बराच वाटा रक्तातल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. तोच साक्षीदार दुसरा सदरा घालून आला होता. ही चूक आमच्या धंद्यातलीच माणसं करू शकतात, बाकीच्यांना ती करायची संधीच मिळत नाही.

मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पाचातला एक हा मशीनचा गोंधळ असू शकतो. घरातला इतिहास काय आहे?”

हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘फॅमिली हिस्टरी: काही नाही’ एवढंच होतं. त्यावर कोणाचाच विश्वास बसू नये, कारण फॉर्म भरताना सगळेच तसं लिहितात.

मी बाईंना फोन केला. मीही डमडमलाच राहतो. त्या म्हणाल्या, उद्या सर्वपित्री, मी घराबाहेर पडायची नाही, तुम्हीच या. सर्वपित्रीलाच इथे महालया म्हणतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गेलो.

दार त्यांच्या मुलीनं उघडलं. मुक्ता, तिशीच्या आतली, नवरा सैन्यात, फोर्ट विल्यमला पोस्टिंग. आई स्वयंपाकघरात आहे हे पाहून तिनं मला बाल्कनीत नेलं.

“काका, माझी टेस्ट नका करू. मला मालूम नाही करायचं. कळलं तर मी रोज आरशासमोर उभी राहून गाठच शोधत बसणार.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आम्ही दोघांनी ठरवलंय, बेबी नको. आईला नाही सांगितलं अजून.”

तिला मी एवढंच म्हणालो, की टेस्टची सक्ती कोणी करू शकत नाही. खरं तर मला संताप आला होता. एका साच्यात एक रकाना कमी, आणि त्यावर दोन माणसांनी मूल नको असं ठरवून टाकलं. पण माझा संशय खराच ठरेल याची मला तरी कुठे खात्री होती?

आत पानं मांडली होती. एक सासरचं, आणि शेजारी एक वेगळं. “हे माझ्या माहेरचं,” बाई म्हणाल्या. “भाऊ नाही मला. मग मीच ठेवते.” त्यांच्या घरी अशी रीत होती, की गेलेल्या प्रत्येकाच्या आवडीचा एक पदार्थ पानावर वाढायचा. माझं लक्ष त्या माहेरच्या पानावर गेलं आणि मी वही-बिही न काढता विचारत सुटलो.

अळूचं फदफदं आजीचं, आईच्या आईचं. दात गेले तरी मागायची, ऐंशी पार करून गेली. गवारीची भाजी वडलांच्या आईची, ती तर नव्वदीपर्यंत भांडत होती. भाजणीचे वडे वडलांचे, हार्ट अटॅकनं, म्हातारपणी. खीर आईची, तीही म्हातारपणी, झोपेतच गेली. म्हाताऱ्या होऊन गेलेल्या दोन मावश्यांना मिळून एक आमसुलाची चटणी, कारण दोघींचं कधी पटलं नाही, तर आता तरी वाटून घ्या म्हणून.

“आणि ही जिलबी?”

“भाऊकाकांची. ते मात्र ऐन पन्नाशीत गेले.”

मी सावरून बसलो. “कशानं?”

“ट्रामखाली. एस्प्लनेडलाच, तुमच्या ऑफिसपाशी.”

कुणाच्या ट्रामखाली जाण्यानं मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. जन्मजात टीपी फिफ्टी थ्रीच्या घराण्यात लहान मुलं आणि तरुण माणसं वेगवेगळ्या कॅन्सरनं गेलेली सापडतात. इथे सगळं पान भरलं तरी तसं एकही नाव नव्हतं. बाईंनी मला जेवूनच जायला लावलं. उठताना म्हणाल्या, “एक बाजू गेली त्याचं काही नाही. हीसुद्धा जाऊ दे. पण मी पोरीला हे दिलंय का, तेवढं मला खरं सांगा.”

चहा पिता पिता हे सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, की बिघाड बाईंच्यापासूनच नव्यानं सुरू झालेला असू शकतो, तेव्हा आज्या ऐंशी-नव्वदीच्या असल्या तरी उपयोग नाही. हे अगदी बरोबर होतं. म्हणून तर मला कातडी हवी होती. दंडावरून मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढायचा आणि त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या. वाढवताना रक्ताच्या पेशी गळून जातात आणि निव्वळ त्वचेच्या उरतात. त्यांच्यात बिघाड सापडला तर तो जन्मजात, नाही तर तो फक्त रक्तातला.

“दुर्गापूजेत लॅब बंद,” मॅडम म्हणाल्या. “पेशींचं मीडिया कोण बदलणार?”

“मी.”

“अष्टमीचा भोग चुकेल तुझा.”

“माझं गणपतीत झालंय.”

त्या हसल्या आणि सही केली. सर्जनही दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाले, तोवर गाठ वाढू नये म्हणून बाईंना गोळ्यांवर ठेवणार होते.

पेशी फ्लास्कमध्ये वाढतात त्या एका गुलाबीसर द्रवात. तेच त्यांचं अन्न, त्याला मीडिया म्हणतात, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. अख्खं शहर नवे कपडे घालून मंडप बघायला निघालेलं, आणि मी त्याच मेट्रोत डबा घेऊन उभा. खालचा वॉचमन रोज विचारायचा, “पूजोर दिने ऑफिस, दादा?” त्याला काय सांगणार, पेशींना जेवायला घालायला चाललोय?

नवमीला एक फ्लास्क गढूळ दिसला. बुरशी. एका बुरशीनं सगळा खेळ खलास होतो, म्हणून नेहमी दोन फ्लास्क ठेवतात. दुसरा उचलून उजेडात धरला. तो स्वच्छ होता. दोन्ही गेले असते तर पुन्हा तुकडा, पुन्हा महिना, आणि सर्जन तेवढे थांबले नसते. त्या दिवशी मी मीडिया बदललं आणि नास्तिक असूनही खालच्या मंडपात जाऊन हात जोडून आलो.

निकाल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. त्वचेच्या पेशींत टीपी फिफ्टी थ्री ठणठणीत. एकही बिघडलेली प्रत नाही. मी तो स्क्रीन दोनदा वाचला आणि मॅडमना बोलावलं. त्यांनीही दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “सुधारित रिपोर्टवर मीच सही करते. पहिला माझाच होता. तू त्यांना सांग, त्यांच्या भाषेत.”

लॅबच्या छोट्या खोलीत मायलेकी समोर बसल्या होत्या. मी सांगितलं, की किमोचं औषध पेशींचा डीएनए तोडूनच काम करतं. चांगल्या पेशी अशा वेळी थांबतात किंवा मरतात. रक्त बनवणाऱ्या एखाद्या पेशीचा मुकादम आधीच बिघडलेला असेल तर ती थांबत नाही, टिकून राहते, आणि पुढे तिची पिल्लावळ वाढते. वाढत्या वयातही असं होतं. तुमच्या रक्तात सापडलं ते हेच. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासत राहावं लागेल, ते टाळू नका. पण हा बिघाड जन्मजात नाही. रेडिएशन घेता येईल, बाजू पूर्ण काढायची गरज नाही, असं सर्जनही म्हणालेत.

बाईंनी हे सगळं बाजूला सारलं. “म्हणजे मी हिला काही दिलं नाही?”

“हे नाही दिलं.”

“नाक दिलंय,” मुक्ता म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाल्कनीतलं ते बोलणं त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं. आता सांगायचं कारणही उरलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आलो.

आता आमच्या रिपोर्टमध्ये ‘किती’ असा रकाना आहे, आणि थुंकीला आम्ही दुसरा साक्षीदार मानत नाही. घोष मॅडमनी आणखी एक गोष्ट उचलली. फॉर्मवर ‘काही नाही’ आलं, की त्या बंगाली पेशंटना फोन करून विचारतात, महालयाला गंगेवर तर्पण कोणाकोणाच्या नावानं करता? मी मराठी माणसांना पानावर काय काय वाढता ते विचारतो. फॉर्म भरताना ज्यांना एक नातेवाईक आठवत नाही, ती माणसं जेवणावर आली की चार पिढ्या सांगतात.