आवतण कुणी द्यायचं?

लहानपणी दादानं आणि मी सुपरहिरो वाटून घेतले होते. एका कंपनीचे सगळे त्याचे, दुसरीचे सगळे माझे. नियम एकच. ज्याचा सिनेमा लागेल, त्यानं दुसऱ्याला आवतण द्यायचं. दुसऱ्यानं आपण होऊन विचारायचं नाही. बोलावल्याशिवाय कुणी जेवायला जातं का?

पुढं मंद्रूपच्या शेताच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं. शुक्रवार पेठेतल्या घरात मधोमध भिंत आली. आई महिनाभर तिकडं, महिनाभर इकडं राहू लागली. पण आवतण कधी चुकलं नाही. त्याचा सिनेमा लागला की मोबाईलवर यायचं, 'रविवारी तीन.' बाकी एक शब्द नाही. मी जायचो. शेजारी बसायचो. मध्यंतरात तो भज्यांचा कागद माझ्याकडं सरकवायचा. शेताचा विषय कुणीच काढायचं नाही. आमच्यात भाऊपण म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि ते गेलं तर काहीच राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अन् मग त्या दोन कंपन्यांनी मिळून एक सिनेमा काढला! त्याचा झग्यावाला आणि माझा मुखवट्यावाला, एकाच पोस्टरवर. आता हा कुणाचा?

त्याचा, आणखी कुणाचा? नाव आधी त्याच्या हिरोचं. खलनायक त्याच्याच जुन्या सिनेमातला. मी वाट बघत बसलो. रविवार कोरडा गेला. आई इकडं आली तेव्हा सहज विचारल्यासारखं केलं, "दादा काय म्हणतोय गं?"

"म्हणतोय, ह्यो शिनेमा तुजा हाय. जाहिरातीत तुजाच माणूस जास्त दिसतोय म्हणं."

"काय बी बोलतोय! त्याचा हाय, त्यानं बोलवावं की."

"मसणात जाऊ दे त्यो शिनेमा! उठून जावा की दोगं!"

गेलो नाही. कुणीच गेलं नाही. पोस्टर उतरलं.

काही महिन्यांनी तो सिनेमा मोबाईलवर आला. एका दुपारी लावला, तर भिंतीपलीकडून तीच मारामारी ऐकू येत होती, माझ्यापेक्षा थोडी पुढची. मी आवाज बंद केला आणि तिकडचा ऐकत बसलो. जीव नुसता तुटत होता, पण हाक मारली नाही.

माझंच बरोबर होतं, आजही म्हणतो. पण आता एकट्याचा सिनेमा निघतच नाही. येतो तो दोघांचा. त्यामुळं आवतण द्यायची पाळी कुणावरच येत नाही.