वीणेचा पहारा

नातू सप्ताहातून आला, की त्याच्या कपाळावरच्या बुक्क्याचा वास आधी घरात शिरतो आणि माझा जीव साखऱ्याच्या त्या देवळात जाऊन अडकतो.

मोठी लढाई संपून आमचे मालक परत आले, ते वर्ष. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. लढाईवर निघताना मालकांनी आपला पहारा थोरल्या भावाला दिला होता. "मी येईस्तोवर सांभाळा, दादा," म्हणाले होते. देवळाच्या ओट्याचे दगडही त्यांनीच वाहिलेले. गावात कुणाकडं लग्न असो की मयत, आधी धावायचे तेच.

त्या संध्याकाळी अंघोळ करून, ओल्या धोतरानं ते भावापुढं उभे राहिले आणि वीणा घ्यायला मान वाकवली. दिरांनी वीणा काढलीच नाही.

"बापू, तू समिंदर ओलांडून आला. तिथं कुणाकुणाच्या हातचं खाल्लं आसशील. वीणा बाटल."

"दादा, तुमी बी असं म्हणून राहिले?"

गावातलं कुणी मध्ये पडलं नाही. मालक तसेच मागं सरले आणि शेवटच्या रांगेत उभे राहिले. हातात टाळ होते, पण वाजत नव्हते.

तेव्हा मला वाटलं, दीर गावाला भ्याले. आता कळतं, तसलं काही नव्हतं. वीणेकऱ्याच्या पाया सगळं गाव पडतं. तो मान त्यांना सोडवेना. बाटायचीच भीती असती, तर त्याच दुपारी माझ्या चुलीपुढं बसून मालकांच्या ताटात हात घालून ते जेवले नसते.