कारिनच्या हाकेला ओ देणारी यमुना

यमुना गेली त्या दिवशी सकाळी मी गंगापूर रोडला भाजी घेत होते. सुनीताचा फोन आला. सुनीता म्हणजे आमच्या जुन्या हॉस्टेलची आताची वॉर्डन, यमुनाच्याच हाताखाली तयार झालेली. "मावशी, ताई गेल्या," एवढंच म्हणाली. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता, त्यांना अजून कोणी काही सांगितलं नसावं. मी हातातली गवार परत टोपलीत टाकली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की आता आठवला तरी मलाच कसंतरी होतं. मी विचारलं, "पाय झाकलेले होते ना गं तिचे?" सुनीता म्हणाली, "हो मावशी, दोन रजया होत्या." मे महिना होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

आता दीड महिना होत आला. शोकसभेत तिच्या कामाबद्दल पुष्कळ जण बोलले, छान बोलले. चर्चच्या आताच्या पाळकसाहेबांनी तर तिने वाढवलेल्या मुलींची नावं घेताघेता डोळे पुसले. मी गप्प बसले होते. मला जे सांगायचं होतं ते सभेत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तिथे सगळे मला वेडी म्हणाले असते... इथे लिहिताना निदान कोणाचे चेहरे समोर नाहीत.

आम्ही दोघी एकाच वर्षी त्या हॉस्टेलात आलो. मी देवळ्याकडची. वडील गेल्यावर आईला तीन लेकरं जड झाली आणि मामाने मला इथे आणून सोडलं. यमुना सुरगाण्याच्या डोंगरातली. आई बाळंतपणात गेलेली, बाप दिवाळी झाली की द्राक्षबागांवर मजुरीला खाली उतरायचा. तिला सोडायला आला तेव्हा तो व्हरांड्यात बसायलाही तयार नव्हता. आमच्या तेव्हाच्या वॉर्डन गायकवाड मॅडमना उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, पोर गुणाची हाय. पान्यात लय खेळती, नदीवरून येतच नाय. तेवढं बघा."

हॉस्टेल चालवणारी संस्था ख्रिस्ती होती. आफ्रिकेत, फिलिपिन्समध्ये, दक्षिण अमेरिकेत, जिथे पोरं उघड्यावर पडलेली तिथे तिची अशी घरं होती, त्यातलंच एक आमचं. प्रत्येक मुलीला परदेशातलं एक कुटुंब जोडून दिलेलं असे. आम्ही 'तिकडची आई' म्हणायचो. मी तर जेवणाआधीच्या प्रार्थनेत दोन्हीकडच्या आयांची नावं घ्यायचे. पावसाळा संपला की पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून एकेकीचा फोटो काढत, तो तिकडे जाई, आणि नाताळला तिकडून काहीतरी येई. मला रंगीत खडू आले. यमुनाला फ्रॉक आला.

फ्रॉक नवा नव्हता. पण काय जपलेला! घडीच्या मधे पातळ कागद घातलेला, आणि त्याला कुठल्यातरी सुकलेल्या फुलांचा वास होता, आमच्याकडच्या एकाही फुलाचा नसलेला. गळ्याला आतून एक पांढरी पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर लाल दोऱ्याने अक्षरं भरलेली होती. आम्ही ती जुळवून जुळवून वाचली: कारिन. मॅडम म्हणाल्या, कंपनीचं नाव असेल. मग पुढच्या नाताळला दुसरा फ्रॉक आला, त्याच्यावरही तेच नाव, आणि आम्ही पोरी आपसात म्हणायला लागलो की कारिन कंपनीचा माल टिकाऊ असतो हं. गंमत अशी की माप कोणी पाठवलेलं नसायचं. तरी दरवर्षी यमुना जेवढी वाढलेली असे तेवढाच फ्रॉक येई, बोटभरसुद्धा इकडे तिकडे नाही. एकाची खालची शिवण उसवून उंची वाढवलेली होती. एकाच्या कोपराला ठिगळ होतं. यमुना ते ठिगळ सारखी चाचपत बसायची.

तिची थंडी तेव्हा सुरू झाली. आधी आमचं लक्ष नव्हतं. मग एका उन्हाळ्यात, बाकीच्या मुली अंगणात पाणी शिंपडून त्यावर लोळत होत्या आणि ही आत गोधडी घेऊन बसलेली. म्हणाली, "सुमन, माझे पाय बघ गं." मी हात लावला. माठाला हात लावल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, काही निघालं नाही. त्याच वर्षी मॅडमनी आम्हाला धरणावर सहलीला नेलं. यमुना डोंगरातली, नदीत वाढलेली, आम्हाला वाटलं आता ही पाण्यात उडीच मारणार. ती काठावर उभी राहिली. कारिनचा पिवळा फ्रॉक अंगावर, पाणी अगदी स्थिर... बराच वेळ बघत राहिली आणि मग अगदी सहज विचारावं तसं तिने मला विचारलं, "ह्याच्यावरून चालत पलीकडे जाता येतं ना?" मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, रविवारच्या शाळेत प्रभू पाण्यावरून चालल्याची गोष्ट ऐकली, तीच पोरीच्या डोक्यात बसली. मी मात्र तिचा हात धरला तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर यमुना कधी पाण्यात उतरली नाही.

शेवटी आला तो लोकरीचा निळा कोट. त्याच्या पुढच्या नाताळला नुसतं शुभेच्छापत्र. आम्ही तिला चिडवलं, "तुझी कारिन कंपनी बंद पडली वाटतं!" यमुना हसली नाही. "हो, बंद पडली," म्हणाली, आणि तोंड फिरवून झोपली.

तिची तिकडची आई प्रत्यक्ष नाशिकला आली तेव्हा यमुना नर्सिंग शिकत होती. मी सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नुकतीच लागले होते, मुद्दाम सुट्टी काढून गेले. बाईंचं नाव मार्टा. उंच, पांढरेशुभ्र केस, हातात छोटी पर्स घट्ट धरलेली. मुलींनी लेझीम केलं, हार घातला, गाणं म्हटलं. बाईंचं कशाकडेच लक्ष नव्हतं. त्या रांगेपुढून चालत आल्या, यमुनापाशी थांबल्या, तिच्या मानेमागे हात घालून आपण लहान मुलाची कॉलर नीट करतो तशी केली, आणि म्हणाल्या, "कारिन."

यमुना म्हणाली, "ओ."

मी तिच्या शेजारीच उभी होते. ती चटकन म्हणाली होती. विचार करून नाही, बाईंचं मन राखायला नाही. घरात कोणी हाक मारल्यावर आपण देतो, तशी ओ.

चहाच्या वेळी सगळं कळलं. बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होत्या आणि तेव्हाचे पाळकसाहेब ते मराठीत सांगत होते. कारिन ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकरा-बारा वर्षांची असताना गोठलेल्या तळ्यावरून चालत पलीकडे जायला निघाली आणि बर्फ फुटला. काही वर्षांनी संस्थेने त्यांना एक फोटो पाठवला, हिंदुस्थानातली एक काळीसावळी पोर पांढऱ्या भिंतीपुढे एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी. कारिन तशीच उभी राहायची. बाईंनी कपाट उघडलं आणि कारिन यमुनाएवढी असतानाचा फ्रॉक शोधून काढला. पुढे दर नाताळला एकेक. कपाट रिकामं झालं तेव्हा थांबल्या.

मग बाई यमुनाचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाल्या. पाळकसाहेबांनी सांगितलं, "त्या म्हणतात, माझ्याबरोबर चल. तुझी खोली तशीच आहे." मग ते जरा अडखळले आणि म्हणाले, "म्हणजे, तुझ्यासाठी खोली आहे, असं म्हणायचं असेल."

"नाही साहेब," यमुना म्हणाली, "तुम्ही बरोबर सांगितलंत."

बाई आठवडाभर होत्या. तेवढे दिवस यमुना धड जेवली नाही. ती गेली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती. बाप थकला होता, पण त्यानेही निरोप धाडला होता, "जा पोरी, तुझं भलं व्हईल." मी चिडले होते. हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून मी तिला म्हटलं, "मेलेल्या पोरीचे कपडे घातले त्यांनी तुला! वर तू त्यांना ओ देतेस?" यमुना शांतपणे म्हणाली, "एवढ्या लांबून हाक मारली बाईनं. कोणी तरी ओ द्यायला नको?" मग म्हणाली, "पण मी जाणार नाही. तिथे गेले तर त्या खोलीत मी नाही राहणार, सुमन. ती राहील. मग मला कोण हाक मारणार?"

बाई एकट्याच परत गेल्या. यमुना नर्स झाली, काही वर्षं दवाखान्यात काम केलं आणि गायकवाड मॅडम निवृत्त झाल्यावर हॉस्टेल सांभाळायला आली. लग्न केलं नाही. पेठ-सुरगाण्याच्या किती मुली तिच्या हातून शिकून गेल्या ते सभेत सांगून झालं आहे. मला आठवते ती तिची एक रीत. बाहेरून जुने कपडे आले की ती ते लगेच वाटू द्यायची नाही. आधी धुवायचे, मग गच्चीवर कडक उन्हात टाकायचे आणि मग ती एकेक कपडा हातात घेऊन बघायची. एकदा मी मदतीला होते. चांगला गुबगुबीत लाल स्वेटर होता, मी एका लहानगीला घालायला घेतला. यमुनाने तो माझ्या हातातून काढून घेतला. "हा नको."

"का गं? फाटला तर नाहीये."

"ह्याच्यात कोणीतरी आहे," ती म्हणाली, आणि घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवला. पुढे मी कधी विचारलं नाही.

मार्टाबाईंशी तिचा संबंध पत्रांतून राहिला, मग फोनवरून. म्हातारपणी बाईंना विस्मरणाचा आजार झाला. तिकडच्या वृद्धाश्रमातली नर्स रविवारी दुपारी फोन लावून द्यायची. एका रविवारी मी अचानक हॉस्टेलवर गेले. जेवणं आटोपून मुली आडव्या झाल्या होत्या, सगळीकडे सामसूम. ऑफिसातून एका लहान मुलीचा आवाज येत होता. कोवळा, थोडा हट्टी, आणि भाषा अशी की एक शब्द कळेना. मला वाटलं कोणी पाहुणी आली असेल. दार लोटलं तर आत यमुना एकटी. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला, फोन कानाशी, आणि एका पायावर दुसरा पाय ठेवलेला. तो आवाज तिच्याच तोंडातून येत होता. मला बघून तिने हाताने 'बस' अशी खूण केली आणि बोलत राहिली.

फोन ठेवल्यावर आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्यांना वाटतं, कारिन आजीकडे गेलीये सुट्टीला. विचारतात, कधी येणार? मी सांगते, उद्या. विचारतात, थंडी वाजत नाही ना? मी सांगते, नाही." तिच्या अंगावर शाल होती. पंखा बंद होता.

दोनेक वर्षांपूर्वी बाई गेल्या. मला बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, आता यमुना सुटली. पण नंतरच्या एका रविवारी गेले तर ऑफिसातून बोलण्याचा आवाज. ह्या वेळी आवाज यमुनाचाच, तिचा स्वतःचा, आणि मराठीत. मुलींचे निकाल, गच्चीची गळती, देवळ्याहून मी आणलेल्या कांद्यांची गोणी... सगळं सावकाश कोणाला तरी सांगत होती. फोन टेबलावर पडलेला होता.

"यमुना, कोणाशी बोलतेस?"

"कारिनशी."

मी खुर्चीच ओढून बसले. ती माझी समजूत काढावी तशी म्हणाली, "अगं, इतकी वर्षं आई तरी हाक मारत होती तिला. आता ती पण नाही. एवढीशी पोर. तिचं कोणी राहिलं का?" मग बाहेरच्या दोरीवर वाळत असलेल्या परकर-पोलक्यांकडे बघत म्हणाली, "आपण एवढ्या मुलींचं बघतो. त्यात ती एक."

मी देवाधर्माची फारशी नाही, भुताखेतांची तर मुळीच नाही. पण त्या खोलीत त्या दुपारी आम्ही दोघीच आहोत असं मला वाटत नव्हतं, आणि ज्या कोणामुळे वाटत नव्हतं तिची भीतीही वाटली नाही. फक्त माझे पाय गार पडले होते.

हॉस्टेलवर परत आणण्याआधी दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा यमुना क्षीण झाली होती, पण शुद्धीत होती. मी तिचे तळवे चोळत होते. म्हणाली, "सुमन, रविवारी दुपारी ऑफिसात जाऊन बसशील? सुनीताला नको सांगू, ती घाबरेल."

"मला तिची भाषा कुठे येते?"

"आता मराठी कळतं तिला," यमुना म्हणाली.

आजारी माणसाला म्हणतात तसं मी बरं म्हटलं. दफन झालं, सुरगाण्याहून आलेले भाचे परत गेले, हॉस्टेलचं रोजचं काम पुन्हा सुरू झालं. दोन रविवार मी घरातच काहीबाही काम काढलं. तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर रिक्षा केली. सुनीताला सांगितलं, यमुनाच्या ऑफिसात जरा बसते. तिने दार उघडून दिलं आणि ती गेली.

टेबल रिकामं केलेलं होतं. मी यमुनाच्या खुर्चीत बसले नाही, समोरच्या बाकावर बसले. सुरुवातीला आपलीच लाज वाटायला लागली. मग म्हटलं, ऊन फार आहे आज. म्हटलं, दहावीच्या पोरी सगळ्या पास झाल्या, वैशालीला सगळ्यात जास्त मार्क पडले, सातपूरहून कोणीतरी तिला सायकल देणार आहे. सुनीता सांगत होती, तिने आज शेवग्याच्या शेंगा घातलेली आमटी केली होती, थोडी तिखट झाली, लहान मुलींनी नुसता भात खाल्ला... बोलत गेले तसं सोपं होत गेलं. बाहेर कोणीतरी बादली ओढली. मी उठले, पंखा बंद केला, आणि दाराशी पोचल्यावर, कोणाच्याही घरून निघताना विचारावं तसं, मागे वळून विचारलं:

"तुम्ही दोघी जेवलात ना?"