शेवटच्या घराचा नळ

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही मधेच थांबावंसं वाटतंय.

देवास गेटजवळ माझं पाइपांचं आणि नळांचं दुकान आहे. बापानं मागे काही ठेवलं नव्हतं, खांद्यावर पाइप वाहून सुरुवात केली. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही आणि डोकं लवकर तापतं, हे फ्रीगंजचा सगळा बाजार जाणतो. पुढचं मात्र कोणालाच माहीत नाही.

एका उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत घरोघर कावीळ झाली. टाकीत क्लोरीनचे थेंब पडत राहतील अशी व्यवस्था आम्ही बसवली — साधी, स्वस्त, जगात ठिकठिकाणी चाललेली. तरी माणसं आजारी पडत राहिली. का? कारण आम्ही टाकीचंच पाणी तपासत होतो. त्यात तपासणीचं औषध टाकलं की ते पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन आहे, आम्ही निश्चिंत. पण वाटेतले पाइप फुटके, त्यांत गटार शिरायचं आणि क्लोरीन तिथंच संपायचं. मग आम्ही शेवटच्या घराचा नळ तपासू लागलो. तिथं पाणी पिवळं होईना, तेव्हा कुठे फुटके पाइप सापडले. ते बदलले आणि कावीळ थांबली.

ज्यांना जमलं त्यांनी इतरांना शिकवावं, म्हणून टावर चौकाजवळ एक सभा झाली. आमच्यातर्फे मी बोलायला उभा राहिलो. समोर शेजारच्या कॉलनीचे सुधाकरराव, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला एकदा पाहुण्यांच्या खुर्चीवरून उठवलं होतं — "तुम्ही जरा मागच्या व्यवस्थेचं बघा." मी उठलो होतो. ते उठणं मी कधी विसरलो नाही.

त्या दिवशीही ते शेजाऱ्याला म्हणाले, मला ऐकू येईल असं, "घ्या भिया, आता पाइपवाला आपल्याला डॉक्टरकी शिकवणार." चार माणसं हसली.

मी सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून, शेवटच्या घराच्या नळाची. सौद्यात मी शेवटचा पत्ता हातात ठेवतो, सवयच आहे. वाटलं, यांचं अडेल, मग येतील माझ्या दुकानाची पायरी चढून. येऊ देत.

इथवर असतं तर कदाचित — नाही, इथवरच नव्हतं.

सभा संपल्यावर सुधाकररावांची सून जवळ आली. मेघना. पोटुशी होती. चेहऱ्यावर सासऱ्याच्या बोलण्याची लाज होती, त्यांच्या वतीनं जणू तीच माफी मागत होती. म्हणाली, "काका, आमचं घर अगदी टोकाला आहे. पाणी नेमकं कुठलं तपासायचं?"

तिनं नेमकं तेच विचारलं. मी तिच्या खांद्यावरून सुधाकररावांकडे पाहिलं. ते अजून हसत होते.

मी म्हणालो, "टाकीचं."

एवढंच. एका शब्दाला किती वेळ लागतो?

त्यांच्या कॉलनीनंही तीच व्यवस्था बसवली आणि टाकीचंच पाणी तपासत राहिले. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. गरोदरपणात ती जीवघेणी ठरू शकते, हे आमच्याच कॉलनीत येऊन डॉक्टर सांगून गेले होते. मला ठाऊक होतं. ती गेली, बाळही गेलं. कावीळ बाहेरच्या खाण्यातूनही होते, असं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. फार वेळा. पटत नाही. आजही दुकानात कोणी मागून "काका" म्हणालं की हातातला नळ खाली ठेवावा लागतो.

तेरावं झाल्यावर सुधाकरराव दुकानात आले. मला हवं होतं तसेच, पायरी चढून. उभेच राहिले. विचारलं, "विलासराव, आमचं काय चुकलं?" मला कधी राव म्हटलं नव्हतं त्यांनी.

मी शेवटच्या नळाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पण मेघना तर टाकीचं म्हणत होती," ते म्हणाले. "तुम्हाला विचारून आली होती. पोरीच्या समजण्यातच काही चुकलं असेल."

ते माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं — नाही का?

मी म्हणालो, "असेल."

त्यांनी मान हलवली, हात जोडले आणि पायरी उतरून गेले. त्यांच्या घरी आजही असंच मानतात, की ती चूक मेघनाची होती.