समुद्रकाठची पंगत

आमच्या दाजींनी वाढलेल्या पंगतीतून आजवर एकही माणूस आपल्या पायांनी सरळ उठलेला नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, नवरे आहेत म्हणून हे मी कौतुकानं सांगत नाही, मी स्वतः दोनदा भिंतीला धरून उठलेलो आहे. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान, पण ते नावाला. खरा धंदा लोकांना खाऊ घालण्याचा. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, मांडवात पत्रावळी पडल्या की दाजी धोतराचा काचा मारून वरणाची बादली उचलणार. नको म्हणून कुणी पत्रावळीवर हात आडवा धरला की ते शांतपणे म्हणत, "ते बघा, तुमचे व्याही आले." माणूस मान वळवी तोवर दोन पळ्या वरण आणि मूठभर बुंदी आत गेलेली असे. व्याही तीन वर्षांपूर्वी वारले आहेत हे त्या माणसाला बुंदी संपल्यावर आठवे.

वाढण्याच्या बाबतीत त्यांचे नियम फार कडक. शेवटच्या माणसाला मिळाल्याशिवाय पहिल्यानं घास उचलायचा नाही, आणि वाढप्यानं हातातली ओळ अर्धी सोडायची नाही, मग मांडवाला आग लागली तरी बेहत्तर. हे नियम ते मांडवाबाहेरही पाळत. एसटीत डबा उघडला की ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत प्रत्येकाच्या हातावर चटणी-भाकरीचा तुकडा पडायचा. पासपोर्टच्या चौकशीला घरी आलेल्या पोलिसाला त्यांनी असं जेवू घातलं, की तो गृहस्थ ओसरीवर संध्याकाळपर्यंत झोपला आणि उठल्यावर चहा घेताना त्यानं विचारलं, "मी कशासाठी आलो होतो?"

पासपोर्टचं निमित्त असं झालं. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास बियाणं कंपन्यांनी दुकानदारांना परदेश दाखवण्याचा सपाटा लावला होता. दाजींच्या हातचं जेवलेल्या लोकांनी त्यांच्याकडून कपाशीच्या इतक्या पिशव्या नेल्या, की कंपनीनं त्यांना जोडीनं बालीला न्यायचं ठरवलं. बाली म्हणजे समुद्रातलं बेट. आक्कानं दोन नव्या साड्यांना फॉल लावून घेतले आणि निघायच्या वीस दिवस आधी न्हाणीघरात पाय घसरून हाड मोडून बसली. दाजी म्हणाले, "मग मीबी न्हाई जात." आक्कानं पलंगावरूनच त्यांना दटावलं. "जा तुमी. माझ्या भावाला घेऊन जा. मला साडी नको, काई नको. सूर्य समुद्रात बुडताना कसा दिसतो तेवढं नीट बघून या आन मला सांगा." आमच्या आक्कानं जन्मभर सूर्य तुरीच्या शेतामागं मावळताना पाहिलेला. दाजींनी तिच्या प्लॅस्टरवर हात ठेवून शब्द दिला. त्या जोडीतली रिकामी जागा मी, हिंगोलीतला एक शाळामास्तर, अशी भरून काढली.

विमानात हवाईसुंदरी जेवणाची गाडी ढकलत आली. दाजी पट्टा सोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी बसा जरा. मघापासून उभ्याच हायेत. मागच्या ओळी मी करतो." तिनं हसून त्यांना बसवलं. पाच मिनिटांनी ते पुन्हा उठले, पार शेपटीपर्यंत जाऊन आले आणि माझ्या कानात म्हणाले, "समद्यायला मिळालं. आता उघडा."

बालीत तीन दिवस आम्ही, म्हणजे मराठवाड्यातले वीस दुकानदार आणि सोबतची माणसं, देवळं आणि माकडं पाहत हिंडलो. समुद्र मात्र टूरवाल्यानं शेवटच्या संध्याकाळसाठी राखून ठेवला होता. समुद्राच्या अगदी कडेला उंच कडा, आणि कड्याच्या टोकावर उघड्यावर मांडलेला एक बार. सूर्यास्त बघायला सारं जग तिथं येतं म्हणे. आम्ही पोचलो तर खरोखरच दोनशे माणूस बसलेलं. गोरे, काळे, पिवळे, आणि कुणाच्याच अंगावर पुरेसे कपडे नाहीत. खाली लाटा खडकावर आदळत होत्या, वाऱ्यानं आमच्यातल्या तिघांच्या टोप्या समुद्रार्पण केल्या, आणि आम्हाला कठड्याजवळचं टेबल मिळालं. दाजी दारूला शिवत नाहीत म्हणून त्यांच्यापुढं शहाळं आलं, त्यात एक कागदी छत्री खोचलेली. त्यांनी छत्री काढून आक्कासाठी खिशात ठेवली आणि पश्चिमेकडं तोंड करून बसले. "मास्तर, पापणी न्हाई हलवायची," म्हणाले.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत पार पडणार. पण सूर्य अजून दोन हात वर होता आणि दाजी शहाळ्याला तोंड लावेनात. मान वळवून ते मागं पाहत होते. "मास्तर, त्या कोपऱ्यात काईच आलं न्हाई अजून."

"येईल, दाजी. तुम्ही समोर बघा."

"दोनशे पान बसलंय आन वाढपी चार. ह्याला काय म्हणावं? ती म्हातारी बघा, एकटीच बसून राहिली. लेकीबाळी कोणी संग न्हाई. तिच्यापुढं रिकामी बशी."

मी त्यांचा सदरा धरेपर्यंत ते उठले होते. एका वेटरच्या हातातलं खाऱ्या शेंगदाण्यांचं मोठं भांडं त्यांनी अलगद काढून घेतलं, पँटचे पाय दोन घड्या वर घेतले आणि थेट त्या गोऱ्या म्हातारीपुढं उभे राहिले. तिनं मूठभर घेऊन मान हलवली. दाजींनी आणखी घातले. तिनं बशीवर हात आडवा धरला. झालं. सातासमुद्रापलीकडच्या त्या बाईला कुठून ही बुद्धी झाली कोण जाणे, पण दाजींच्या चेहऱ्यावर घरी आल्याचा आनंद पसरला. त्यांनी समुद्राकडं बोट दाखवलं, म्हातारीनं तिकडं पाहिलं, आणि तिची बशी शिगोशीग भरली. ती बाई अशी हसत सुटली, की आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक आपापल्या बश्या पुढं करायला लागले.

मुख्य वेटर धावत आला. दाजींनी त्याच्या हातात दुसरं भांडं दिलं आणि बजावलं, "तू तिकडून घे, मी हिकडून येतो. मधात कोणाला सोडू नको." तो बिचारा खरोखर तिकडून सुरू झाला. पाठोपाठ आमच्यातले डोंगरकडा गावचे दोन दुकानदारही ग्लास ठेवून कामाला लागले. "घ्या हो, लाजू नका," "एवढ्यानं काय होतं," असा गजर कड्यावर सुरू झाला. एक दाढीवाला दांडगा पाहुणा पोटावर हात ठेवून नको नको म्हणत होता आणि दाजी त्याला समजावत होते, "देवानं एवढं पोट काहून देलं मग?"

इकडं सूर्याची कड पाण्याला टेकली. मी ओरडलो, "दाजी, या लवकर, बुडायला लागला."

दाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पुढच्या सहा रिकाम्या बश्यांकडं पाहिलं. "आलो, आलो. ही एक ओळ राहिली." भांडं संपलं म्हणून ते आत गेले, आणि आत असतानाच सूर्य बुडाला. दोनशे माणसांनी उठून टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी भरलेलं भांडं घेऊन बाहेर आलेल्या दाजींना वाटलं, शेंगदाणे आले म्हणून एवढा आनंद झालाय. त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मग पश्चिमेकडं पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"उद्या?"

"उद्या सकाळी विमान आहे, दाजी."

ओळ मात्र त्यांनी पुरी केली. नंतर खुर्चीत येऊन बसले आणि शहाळं तसंच बाजूला सारलं. समोर आलेलं त्यांनी बाजूला सारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला फार वाईट वाटलं.

परतीच्या विमानात त्यांनी माझ्याकडून सूर्यास्त पाठ करून घेतला. आधी नारिंगी, मग लाल, मग खालून चपटा, मग नखाएवढा, मग काहीच नाही. मुंबई येईपर्यंत त्यांनी तो सतरा वेळा म्हणून दाखवला आणि प्रत्येक वेळी चपट्याला अडखळले.

आक्का पलंगावर वाट पाहत बसली होती. उशाजवळचा पाण्याचा तांब्या देण्याआधीच तिनं विचारलं, "कसा दिसला हो?"

"आधी नारिंगी," दाजी म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं, मग खाली. "म्या न्हाई बघितला. मी वाढत होतो. चारच वाढपी हुते, आन दोनशे माणूस."

आक्का पलंगावर हात टेकून सरळ झाली. मला वाटलं, आता काही धडगत नाही.

"मग समद्यायला पुरलं का?" तिनं विचारलं.

दाजी तिच्या पायाशी पलंगावर बसले आणि दिवेलागणीपर्यंत बोलत होते. म्हातारी, दाढीवाला, तिकडून सुरू झालेला वेटर, सगळे त्या खोलीत येऊन गेले. मध्येच मी म्हणालो, "आक्का, मी पाहिला ना सूर्य, मी सांगतो." ती म्हणाली, "थांब रे, यांचं होऊ दे."

त्यांचं काही अजून झालेलं नाही. आता लग्नात लोक बश्या घेऊन रांगेत उभे राहतात आणि आपल्या हातानं वाढून घेतात. दाजी मांडवात खुर्चीवर बसतात आणि जवळ येईल त्याला त्या म्हातारीची गोष्ट सांगतात. बाजूला बसलेली आक्का विसरलेले तपशील पुरवते. जणू तीही तिथं होती. माझ्याकडं तो सूर्यास्त अजून सगळाच्या सगळा आहे, नारिंगीपासून नखापर्यंत. इतक्या वर्षांत तो मला कुणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मीही एखादी ओळ घ्यायला हवी होती, असं मला आताशा फार वाटतं.