पदरातला दाणा

भीमाशंकरच्या खालच्या अंगाला एका वाडीत अंबाबाई राहते. देवीला विचारल्याशिवाय तिने आयुष्यात फारसं काही केलं नाही. राईतल्या वाघजाईच्या दगडाला दोन तांदूळ पाण्याने चिकटवायचे आणि खाली पदर पसरून बसायचं. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. गाय घेतली ती अशीच, आणि घोडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी वैजयंती सून करून आणली तीही अशीच.

सून पहिल्याच वर्षी म्हणाली, "आत्या, यात देवी कुठंय? ज्या दाण्याला पाणी कमी, तो आधी वाळतो नि पडतो. निसर्ग आहे सगळा."

"आन् निसर्ग काय तुज्या शाळंनं केलाय व्हय?"

"ते मला माहीत नाही," वैजयंती म्हणाली, कारण उत्तर माहीत नसेल तर ती ठोकून देत नसे. खोटं बोलणं तिच्या अंगातच नव्हतं. शेजारणीने हौसेने केलेली आमटी खारट झाली, तर ही तोंडावर खारट म्हणायची. वाडीला त्याचा जाच होता. सगळ्यात जास्त सासूला.

यंदा अंबाबाईचा मोतीबिंदू पिकला. खुरपायला बसली आणि नाचणी उपटून गवत राखून आली. बाया हसल्या, तीही हसली. पण नात श्रेया समोर येऊन हसली तेव्हा तिला नुसते दात दिसले. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

मंचरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. "कौल घेतल्याबिगर मी हालायची न्हाई," अंबाबाईने जाहीर केलं. खरं म्हणजे डोळ्यात सुई घालणार, या विचारानेच तिची गाळण उडाली होती. पण मी भिते असं म्हणायला जी जीभ लागते ती तिला नव्हती.

दुपारी सासू-सुना राईत गेल्या. दाणे अंबाबाईनेच चाचपून लावले आणि पदर पसरला. वैजयंती शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने श्वास आत ओढला.

"पडला का गं? मला मेलीला काय दिसतंय! कोन्ता?"

वैजयंतीने वाकून पदरात पाहिलं. "उजवा."

"नीट बघ."

"उजवाच, आत्या." आवाज चोरट्या मांजरासारखा.

अंबाबाईची बोटं पदरात फिरली. दाणा डावीकडे होता. असणारच! डाव्या दाण्याला तिने पाणी नुसतं दाखवलं होतं आणि उजवा असा भिजवून थापला होता, की पोळ्यापर्यंत हलला नसता. म्हणजे दाण्याने आपलं काम चोख केलं होतं. त्यात नवल काहीच नव्हतं. पण ही पोर खोटं बोलली? ही?

अंबाबाईने दाणा उचलून तोंडात टाकला आणि कडकन चावला.

"काय खाल्लंत?"

"परसाद. चल, गाडी चुकंल."

उतरणीला तिने सुनेचा दंड धरला. "वैजे, पानी कमी पडलं की दाना सुटतो. व्हय ना?"

"हो."

"मग मानूस खोटं कशानं बोलतं गं? त्येचा धडा असतोय का तुज्या पुस्तकात?"

वैजयंतीचे पाय थबकले. "आत्या, तुम्हाला कळलं?"

"मला? मी तर आंधळी."  अंबाबाईचा हात दंडावरून सुनेच्या पंजात आला. "येते मी मंचरला. पन मला लई भ्या वाटतंय, पोरी. सुई घालतील तवा असाच हात धरून बस."

"तिथं आत नाही सोडत आत्या कुणाला. बाहेर बसावं लागतं."

"झालं! आली का परत खऱ्यावर?" असं म्हणून अंबाबाई खळखळून हसली, आणि हात तसाच धरून पुढची पायरी पायाने चाचपू लागली.